टेकडी, ओढा, नदी : एक अपुरा फेरा

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आता घासून घासून गुळगुळीत झाले आहे. ते म्हणताना जुन्या पुणेकराचा ऊर भरून येतो, आणि म्हणून झाले की तो निमूटपणे आपली स्कूटर सुरू करतो. डबलसीट जाताना पोलिसाने धरणे, दिवा नसल्याबद्दल दंड भरणे, पालिकेचा बिल्ला हरवणे, तासाच्या भाड्याने आणलेली सायकल पाच मिनिटे उशिरा परत केली म्हणून दुकानदाराची बोलणी खाणे, या आठवणींवर आमची एक अख्खी पिढी पोसली गेली. सायकल म्हणजे शाळा, कचेरी, मंडई आणि दळण. सायकल घेऊन कुणी टेकडी चढायला निघाला असता, तर घरच्यांनी त्याला आधी डॉक्टरांकडे नेले असते.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा नेमके तेच करायला मला घेऊन गेला. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि आठवडाभर गाडीत बसून बसून पाठ धरली की रविवारी जाड टायरची, गिअरची, पुढच्या चाकाला धक्के शोषणारे दांडे असलेली ‘माउंटन बाइक’ बाहेर काढतो. ‘‘मामा, एकदा चलाच. टेकडी, जंगल, नदी, सगळे एका फेऱ्यात होते. पंचवीसेक किलोमीटर असेल. तुमच्यासाठी मित्राची सायकल आणतो.’’ वयाचा मान राखून मी नाही म्हणायला हवे होते. पण गेलो. त्या सकाळी जे पाहिले, ते निव्वळ सहलीच्या वर्णनात मावणारे नाही, म्हणून हा लेख. कारण तो फेरा पुरा होत नाही. आणि तो का होत नाही, याचे उत्तर शोधू लागले की या शहराच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या कारभाराची कुंडलीच हाती लागते.

फेरा कुणी आखला?

मार्ग असा. पाषाण तलावापासून निघायचे. हा तलाव इंग्रजांच्या काळातला, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी मिळावे म्हणून बांधलेला. त्या बंगल्यात आज विद्यापीठ आहे. तिथून पंचवटीच्या अंगाने वेताळ टेकडी चढायची. दगडाच्या जुन्या खाणीला वळसा घालून वेताळबाबाच्या देवळापाशी क्षणभर टेकायचे. मग विधी महाविद्यालयाच्या बाजूच्या उताराने खाली येऊन, कर्वे रस्ता ओलांडून मुठेच्या काठी. काठाकाठाने संगमापर्यंत. संगमावरून मुळेच्या उलट दिशेने बोपोडी, मग औंध. औंध-बाणेरच्या शिवेवर रामनदी मुळेला मिळते. त्या रामनदीच्या कडेने सोमेश्वरवाडीवरून पुन्हा पाषाण तलाव.

देवळापाशी धाप टाकत बसलो असताना भाच्याने फोनवर नकाशा दाखवला आणि मला पहिल्यांदा एक गोष्ट उमगली. हा फेरा त्याने किंवा त्याच्या मित्रांनी आखलेला नव्हताच. तो पाण्याने आखला होता. वेताळ टेकडी हा पाणलोटाचा दुभाजक आहे. तिच्या पाषाणकडच्या उतारावर पडलेला थेंब रामनदीला जातो आणि मुळेत उतरतो. कोथरूड-डेक्कनकडच्या उतारावर पडलेला थेंब ओढ्या-नाल्यांतून मुठेला मिळतो. एकाच टेकडीवर हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब दोन वाटांनी निघतात, अर्ध्या शहराला वळसा घालतात आणि संगमावर पुन्हा एकमेकांना भेटतात. आम्ही सायकलवाले त्यांच्या मागोमाग, कधी त्यांच्याबरोबर आणि कधी उलटे, हिंडत होतो एवढेच.

टेकडी, ओढा आणि नदी या तीन गोष्टी नाहीत. ती एकच गोष्ट आहे. शहराच्या दप्तरात मात्र तिच्या तीन फायली आहेत. टेकडीची फाइल काही वन खात्याकडे, काही पालिकेकडे, काही खासगी मालकांकडे. ओढ्याची फाइल पावसाळी गटारांच्या विभागाकडे. नदीची फाइल पाटबंधारे खाते आणि पालिका यांच्यामध्ये कुठेतरी. तीन फायली तीन टेबलांवर असल्या की पुढे काय होते, हे सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या वाचकाला सांगायला नको.

टेकडीवरची रेघ

समुद्रसपाटीपासून पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. शहरातल्या उंच ठिकाणांपैकी हे एक. टेकडीच्या एका अंगाला वन खात्याचे भांबुर्डा वनविहार आहे. भांबुर्डा हे शिवाजीनगरचे जुने नाव. ते आता असे जंगलात जाऊन राहिले आहे. हे जंगल काही सह्याद्रीतले घनदाट अरण्य नव्हे. बरीचशी झाडे लावलेली, त्यातही गिरिपुष्पाचा भरणा अधिक. मूळची टेकडी म्हणजे गवत, खुरटी झुडपे आणि मधूनमधून एखादा पळस नाही तर मेडशिंगी. पण मोर आहेत, आणि मुख्य म्हणजे काळ्या कातळातल्या भेगा आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून आत मुरते आणि पायथ्याच्या विहिरी-विंधनविहिरींना मिळते. उन्हाळ्यात ज्या वसाहतींच्या दारात टँकर उभे राहतात, त्यांनी तरी टेकडीकडे नुसती मोकळी जागा म्हणून पाहू नये.

शहराने टेकड्यांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८७ च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा आणि डोंगरउतार राखून ठेवण्याची तरतूद आली. १९९७ मध्ये आसपासची २३ गावे पालिकेत आली, तेव्हा त्यांच्या टेकड्यांवर ‘जैववैविध्य उद्यान’ असे आरक्षण टाकावे, अशी मागणी नागरिकांनी लावून धरली. सुमारे ९७८ हेक्टरचे हे आरक्षण राज्य सरकारने २०१५ मध्ये मान्य केले. म्हणजे मूल शाळेत जाऊन पदवीधर व्हावे इतका काळ त्यात गेला. जमिनीच्या मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला, तो त्यांना पटला नाही. मालकाला जमीन सोडवत नाही, पालिकेला ती घेववत नाही, आणि मधल्या काळात रात्रीतून उभ्या राहणाऱ्या पत्र्याच्या शेड कुणाला विचारत नाहीत.

त्याच १९८७ च्या आराखड्यात आणखी एक फेरा होता. सुमारे ३६ किलोमीटरचा, शहराला वळसा घालणारा उच्च क्षमतेचा वर्तुळमार्ग. जोडीला बालभारती ते पौड फाटा हा टेकडीच्या कुशीतून जाणारा, दोनेक किलोमीटरचा रस्ता आणि कोथरूडकडून पंचवटीकडे निघणारे बोगदे. ही सगळी कामे वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कारणांनी सुचवली गेली. पण नकाशावर पाहिले तर त्यांच्या रेघा एकाच टेकडीवर येऊन एकमेकींना भेटतात. पौड फाट्याच्या रस्त्याचे प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुण्यात मोठा मोर्चा निघाला. त्यात आजोबा होते, आजी होत्या, बाबागाडीतली पोरे होती. राजकीय मोर्च्यांना सरावलेल्या पुण्याला या मोर्च्याचे नवल वाटले, कारण त्यातला कुणी स्वतःसाठी काही मागत नव्हता. आहे ते राहू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ओढ्यांनी दिलेला धडा

फेऱ्याचा सर्वांत अवघड भाग टेकडीचा चढ असेल, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. चढावर मी तीनदा उतरलो, ते दम लागला म्हणून. पुढे सात ठिकाणी उतरलो, ते वाट संपली म्हणून. आणि या सातांतली बहुतेक ठिकाणे ओढ्यांवरची होती. टेकडीवरून खाली येणारा ओढा एका भिंतीपाशी येतो आणि नाहीसा होतो. पुढे वाहनतळ असतो, नाही तर बाग, नाही तर नुसताच काँक्रीटचा गाळा. पलीकडे दोनशे पावलांवर तो काळ्या पाण्याच्या रूपाने पुन्हा प्रकटतो.

ओढा असा नाहीसा करता येत नाही, हे या शहराने किंमत मोजून शिकायला हवे होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने आपली जुनी जागा परत मागितली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या रात्री धरण फुटले नव्हते. डोंगरावर पडलेले पाणी मुरायला जागा उरली नव्हती, आणि वाहायची जागा अडलेली होती. टेकडीची फाइल आणि ओढ्याची फाइल वेगवेगळ्या टेबलांवर ठेवल्याचा हा परिणाम.

नदीची गोष्ट त्याहून जुनी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. आमच्या घरात वडीलधाऱ्यांनी पाणी कुठवर चढले त्याची खूण भिंतीवर करून ठेवली होती. रंग दिला तरी तेवढी जागा सोडून देत. अलीकडे, २५ जुलै २०२४ ला, खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत शिरले. पहाटे उठून माणसे मुलाबाळांना घेऊन वरच्या मजल्यांवर धावली. तिथल्या भिंतींवर आता कुणी खुणा करून ठेवतो की नाही, ठाऊक नाही. ठेवायला हव्यात.

नदीकाठी पुरा होणारा फेरा

इथे माझ्या युक्तिवादाला एक अडचण येते आणि ती वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. मुठेच्या काठाने जाताना म्हात्रे पुलापासून पुढे नदीपात्रातला रस्ता मिळतो, भिडे पुलाचा सखल सांडवा लागतो, डोक्यावर मेट्रोचे खांब साथीला असतात. संगमानंतर मात्र मुळेच्या काठाने सलग वाटच नाही. लष्कराच्या आणि दारूगोळा कारखान्याच्या जमिनींमुळे वाट सोडून जुन्या मुंबई रस्त्याला लागावे लागते. (या बंद जमिनींमुळेच तिथल्या काठावर अजून झाडी आहे, हेही नमूद केले पाहिजे.) म्हणजे आमचा फेरा नदीकाठीच सर्वांत जास्त तुटतो. आणि तो जोडून देण्याचे आश्वासन पालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाने दिले आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचे काठ, त्यावर सलग पदपथ आणि सायकलमार्ग. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. बंडगार्डनच्या बाजूला जो भाग तयार झाला, तिथे भाचा जाऊन आला आहे. ‘‘मामा, लोण्यासारखा आहे,’’ म्हणाला.

मग तक्रार कसली? तक्रार ही की वाट सलग झाली म्हणजे नदी सलग झाली असे होत नाही. काठावर भराव घालून, बांध बांधून सपाटी करायची, तर पाण्याची हातपाय पसरायची जागा कमी होते. काठाची झाडे, डबकी, गाळाची बेटे, त्यांवरचे पक्षी, हे सगळे त्या सपाटीखाली जाते. म्हणूनच २०२३ च्या एप्रिलमध्ये माणसे काठावरच्या झाडांना कवेत घ्यायला गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रामनदी आणि मुळेच्या संगमापाशी पुन्हा जमली. शिवाय क्रमाचा प्रश्न आहेच. सांडपाणी शुद्ध करण्याची ११ केंद्रे जपानच्या अर्थसाह्याने उभारायची, असे २०१६ च्या सुरुवातीला ठरले. खर्च सुमारे ९९० कोटी, क्षमता रोजची ३९ कोटी ६० लाख लिटर. त्या कामाची मूळ मुदत कधीच टळून गेली. आधी पाणी स्वच्छ करावे आणि मग काठ सजवावा, हे कुठल्याही गृहिणीला कळते. भांडी न घासता टेबलावर फुलदाणी ठेवण्याची रीत आपल्या घरात नाही.

आमचेही थोडे चुकते

दोष फक्त पालिकेच्या पदरात टाकून सायकलवाल्यांना मोकळे करता येणार नाही. टेकडीवर उतरताना मी पाहिले, की पाऊलवाटेच्या वळणावर ब्रेक दाबत घसरत जाणाऱ्या चाकांनी मातीत खोल चर पाडले होते. पावसाळ्यात हेच चर पाण्याचे पाट होतात आणि आधीच वीतभर असलेली माती घेऊन खाली जातात. पहाटे फिरायला येणाऱ्या एका बाईंनी आम्हाला थांबवून सुनावले, ‘‘घंटी तरी लावा हो!’’ माउंटन बाइकला घंटी नसते, हे मला तेव्हा कळले.

हा झगडा नवा नाही. ही सायकल जन्मली तीच एका मोठ्या शहराच्या शेजारच्या डोंगरावर. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन परगण्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथली तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन त्याच्या उतारांवरून सुसाट खाली येत. १९७६ पासून जवळच्याच एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. उतारात मागच्या ब्रेकमधले वंगण जळून जाई आणि दर खेपेला नव्याने भरावे लागे, त्यावरून त्या शर्यतीला नाव पडले ‘रिपॅक’. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास अशा वाटांसाठी सायकल बांधली, आणि १९९६ मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. पण ज्या डोंगराने हा खेळ दिला, त्याच परिसरात पुढे सायकलींना अनेक अरुंद पाऊलवाटांवर मनाई झाली आणि रुंद वाटांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांचे खटके तिथे अजून उडतात.

मला त्यात लक्षणीय वाटते ते वेगळेच. त्या डोंगराचा मोठा भाग कुणाच्या ताब्यात आहे? तर पाणीपुरवठा करणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या. डोंगरावर पडणारे पाणी तिच्या तलावांत येते, म्हणून डोंगर राखणे हे तिचे रोजचे काम. सायकल कुठे चालावी आणि कुठे नाही, हा प्रश्न तिथे शेवटी पाण्याच्या हिशेबात बसवला जातो. आपल्याकडे पाणी नळाला येते आणि टेकडी फिरायला असते. दोहोंचा संबंध आपल्या शाळेच्या पुस्तकापलीकडे जात नाही.

दुसरी बाजू

विधी महाविद्यालय रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला मोरांचे कौतुक सांगू नये, तो चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त आहे. रुग्णवाहिका अडकते, मुलांची शाळेची बस अडकते. शहर वाढले, ते कुठून तरी जाणार. पण नव्या रस्त्याने कोंडी सुटते हा अनुभव पुण्याचा आहे काय? प्रत्येक उड्डाणपुलाच्या उद्घाटनाला कोंडी संपल्याची भाषणे झाली, आणि कोंडी पुढच्या चौकात जाऊन उभी राहिली. सायकलींचीही कथा फार वेगळी नाही. २०१७ मध्ये पालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यांवर आल्या; दोनेक वर्षांत त्या गेल्या. आराखडा कपाटात राहिला. कारण आपण सायकलमार्गाकडेही एक वेगळी फाइल म्हणूनच पाहिले.

काय करता येईल?

फार मोठ्या गोष्टी मागायच्या नाहीत. टेकडी, ओढे आणि नदी यांचा एकच नकाशा असावा आणि यांपैकी कुठलेही काम मंजूर करताना तो टेबलावर उलगडलेला असावा. टेकडीवरच्या आरक्षित जमिनींचा मोबदला मालकांना पटेल असा ठरवून तो विषय एकदाचा संपवावा. ओढ्यांवरची झाकणे जिथे काढता येतील तिथे काढावीत आणि त्यांच्या कडेने मातीची वाट सोडावी. ती वाट पावसात चार महिने बंद राहिली तरी चालेल. टेकडीवर सायकलींना ठराविक वाटा आखून द्याव्यात, बाकीच्या चालणाऱ्यांसाठी राखाव्यात, आणि पावसाळ्यात सायकलींना रजा द्यावी. आम्ही घंटी लावू. नदीकाठी जिथे काठ मुळातच बांधलेला आहे, तिथे पदपथ खुशाल करावा. जिथे नदी अजून नदीसारखी आहे, तिथे वाटेने थोडे मागे सरावे. फेरा त्यामुळे दोन-चार किलोमीटरने वाढेल. पाण्यामागून वाट जावी, वाटेमागून पाणी ढकलले जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

आम्ही पाषाण तलावावर परतलो तेव्हा उन्हे चढली होती. माझे गुडघे मला नावे ठेवत होते. तलावाच्या अर्ध्या भागावर जलपर्णी पसरली होती आणि उरलेल्या अर्ध्यात काही बदके पोहत होती. भाच्याने फोनवर फेऱ्याची रेघ दाखवली. ती सात ठिकाणी वाट सोडून बाजूच्या रस्त्यावर गेली होती; घाईत घातलेल्या टाक्यांसारखी दिसत होती.

‘‘पावसाळ्यानंतर परत येऊ मामा,’’ तो म्हणाला. ‘‘बघू किती टाके कमी होतात.’’

मी हो म्हटले. आणि घरी जाताना वाटेत थांबून एक घंटी विकत घेतली.